टीकॅस ओरडलं की ऐकायचं, की आधी खिडकीतून डोकवायचं?

उजवीसीट
परवाची ‘बटणदाबे वैमानिक’ ही पोस्ट तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा डोकं फिरलं. म्हणे खरा वैमानिक टीकॅसने, म्हणजे टक्कर टाळायला सांगणाऱ्या कॉकपिटमधल्या यंत्राने, ‘क्लाइंब, क्लाइंब’ (वर जा) केलं तरी आधी बाहेर बघतो, एटीसीला म्हणजे जमिनीवरच्या कंट्रोलरला विचारतो, मग अनुभवाने ठरवतो. हल्लीची पोरं म्हणे भोंगा वाजला की माकडासारखी उड्या मारतात.

मी त्या माकडांपैकी एक. महाशय, आरए, म्हणजे टीकॅसचा वर जा किंवा खाली जा हा आदेश, तुम्हाला एकट्याला दिलेला सल्ला नसतो. दोन विमानांची यंत्रं आपसात ठरवून मोकळी झालेली असतात : हा वर, तो खाली. समोरचा खाली निघालाय ते तुम्ही वर जाणार या भरवशावर. हात हलवायला धरलेला वेळ पाच सेकंद, आदेश उलटला तर अडीच. त्यात तुम्ही एटीसीला काय विचारणार, जेवलात का?

जर्मनीतलं उबरलिंगन, १ जुलै २००२. दोन विमानं हवेत धडकली. टुपोलेवला टीकॅस वर जा म्हणत होतं, झुरिकचा कंट्रोलर खाली. सहवैमानिकाने बोलूनही दाखवलं की हे वर सांगतंय. गेले खाली. बोइंग ७५७ टीकॅसचं ऐकून खालीच येत होतं. ७१ माणसं गेली, त्यांत बरीचशी शाळेतली मुलं. कुणाचा अनुभव कामी आला?

घारीची_नजर
ती पोस्ट माझी. बदलणार नाही.

तुमच्या जन्माआधीपासून फ्लाइंग क्लबात पोरं शिकवतोय, तेव्हा ‘महाशय’ जपून. खालून एखादा जोरात चढत येतो, त्याला हजार फूट खालीच थांबायचं असतं, पण यंत्राला ते कुठे माहीत? ते बोंबलतं. अशा फुकटच्या आरएपायी केबिनमधली माणसं आपटली तर जबाबदार कोण?

आणि वॉशिंग्टन विसरलात वाटतं. २९ जानेवारी २०२५, पोटोमॅक नदीवर प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकले, ६७ जीव. तुमचं लाडकं यंत्र ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ म्हणालं आणि गप्प. हजार फुटांखाली ते आरए देतच नाही. तिथे डोळेच लागतात.

उजवीसीट
चांगलं उदाहरण दिलंत! हेलिकॉप्टरवाल्यांनी काय सांगितलं होतं? विमान दिसतंय, आम्ही बघून अंतर ठेवतो. तिथे सगळी भिस्त डोळ्यांवरच होती.

फुकटच्या आरएचं म्हणाल तर त्यावर उपाय आहे. शेवटच्या हजार फुटांत चढण्याचा वेग मिनिटाला पंधराशे फुटांच्या खाली आणायचा. तो आणायचा वैमानिकाने.

मनोरा_निवृत्त
दोघेही विमानात बसून भांडताय. आम्हा कंट्रोलरांच्या खुर्चीत कोणी बसलंय का?

उबरलिंगनच्या त्या रात्री झुरिकला एकच माणूस दोन पडदे सांभाळत होता. जोडीदार विश्रांतीला गेलेला, फोनच्या लाइनी दुरुस्तीसाठी बंद, आणि फ्रीड्रिक्सहाफेनला उतरणारं तिसरंच विमान डोक्यावर. त्याने टुपोलेवला समोरचं विमान उजवीकडे सांगितलं, ते होतं डावीकडे. चूकच. पण २००४ मध्ये एका दुःखी बापाने त्याला घराच्या दारात भोसकून मारलं. त्याला त्या खुर्चीत एकटं ठेवणाऱ्यांच्या दारात कोणी गेलं नाही.

आमच्या पोरांना हेच शिकवत आलो : वैमानिकाकडून ‘टीकॅस आरए’ ऐकलंत की ‘रॉजर’ म्हणा आणि तोंड मिटा. ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ (धोका टळला) येईपर्यंत त्या विमानाला एक सूचना द्यायची नाही. दोन ठिपके एकमेकांत शिरताना बघत बसणं काय असतं ते मला विचारा.

कोथरूडचा_वाटसरू
काका, दिल्लीजवळ चरखी दादरीला दोन विमानं हवेत धडकली, तिथे काय झालं होतं? इंग्रजी येत नसल्याने ना?

मनोरा_निवृत्त
१२ नोव्हेंबर १९९६. सौदियाचं ७४७ चौदा हजारांवर, कझाकचं इल्युशिन पंधरा हजारांवर असायला हवं होतं, ते खाली घसरलं. ३४९ गेले. टीकॅस दोन्हींत नव्हतं, आपल्याकडे सक्तीचं झालं ते त्यानंतर. दिल्लीला तेव्हा नुसतं प्रायमरी रडार, ठिपका दिसायचा पण उंची नाही. येणारे-जाणारे एकाच वाटेने. इंग्रजी हा एक भाग झाला. बोलणारा रेडिओवाला वेगळा, उडवणारे वेगळे. त्याच्यापुढे उंचीचा काटाच नव्हता, वैमानिकांच्या खांद्यावरून वाकून बघायचा.

कोकणी_फणस
आलं इंग्रजी! कुठेही काही पडलं की भाषेचा बळी द्यायचा. मी चिपळूणचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. एका कंपनीच्या मुलाखतीत ‘व्हर्टिकल’चा उच्चार ऐकून पॅनलवरचा एक जण हसला. बाकी सगळी उत्तरं बरोबर होती.

कोथरूडचा_वाटसरू
धागा विमानांचा आहे. मराठी माध्यमाचं गाऱ्हाणं गेल्या आठवड्यात वांग्याच्या भरताच्या धाग्यावरही होतं.

कोकणी_फणस
तुमच्या पोरांना कॉन्व्हेंटात घालून इथे दिवाळी अंकांवर अश्रू ढाळा तुम्ही. उच्चारावर माणूस जोखतात, मग पॅनलसमोर बोलायचीच भीती बसते. कॉकपिटमध्ये ‘समजलं नाही, परत सांगा’ म्हणायची लाज वाटली तर?

कोथरूडचा_वाटसरू
माझी मुलं कुठे शिकतात याच्याशी तुमचा काय संबंध? वैयक्तिक होऊ नका.

घारीची_नजर
सुरुवात वांग्याने तुम्हीच केलीत.

उजवीसीट
फणस, तुमचं एक पटलं. टीकॅसच्या जुन्या आवृत्तीत एक आदेश होता : ‘अ‍ॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड, अ‍ॅडजस्ट’. अर्थ चढण्या-उतरण्याचा वेग कमी करा. अ‍ॅडजस्ट म्हणजे कुठल्या बाजूला हे त्या शब्दांत कुठेच नाही, आणि काही वैमानिकांनी उलट बाजूला ओढलं. त्यांत इंग्रजीत वाढलेलेही असणारच. शेवटी ७.१ आवृत्तीत ते काढून ‘लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ’ केलं. तेव्हा उच्चार गेला खड्ड्यात, शब्द सरळ हवा.

आता घारीकाकांसाठी माझा एक किस्सा. रात्र, खाली अरबी समुद्र, काळं कुट्ट. डाव्या हाताला एक दिवा, आमच्यापेक्षा चांगला वर वाटणारा. आणि टीकॅस म्हणतंय ‘क्लाइंब’. माझं अख्खं अंग सांगत होतं, खाली घाल. कॅप्टनने ऑटोपायलट काढला, नाक उचललं, काटा हिरव्या पट्टीत नेऊन धरला. माझी कॉफी मांडीवर. मी ‘टीकॅस आरए’ सांगितलं तेव्हा आवाज चिरकला होता. सुटल्यावर पडदा बघितला : तो दिवा भलत्याच, लांबच्या विमानाचा. खरं विमान उजवीकडून आमच्या खालून गेलं. ते आम्हा दोघांनाही दिसलंच नाही.

घारीची_नजर
रात्री समुद्रावर क्षितिज नसतं, फसतो माणूस. हे मी पोरांना चाळीस वर्षं सांगतोय, तुम्ही मला सांगू नका.

उजवीसीट
मग पोस्टमध्ये का नाही लिहिलंत?

घारीची_नजर
बरं. ‘माकड’ मागे घेतो. ‘बटणदाबे’ राहील.

उजवीसीट
राहू द्या. ऑटोपायलट काढायलाही लाल बटणच दाबावं लागतं.

कोकणी_फणस
त्या पॅनलवाल्याबद्दल कोणी बोलणार आहे की नाही?