चिपाडापासून पोटॅशपर्यंत

चक्राकार अर्थव्यवस्था, म्हणजे एका कामातून उरलेलं टाकाऊ दुसऱ्या कामी लावणं, ही परदेशी कल्पना आहे, आपल्याकडे रुजणार नाही, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ बघा. उसाचा रस काढल्यावर घाण्यातून निघालेलं चिपाड आवारातच पसरून वाळवतात, तेच चुलवाणात घालतात आणि त्याच्याच जाळावर रसाची काहील, म्हणजे मोठी कढई, उकळते. विकतचं सरपण फारसं लागतच नाही.

साखर कारखान्यात हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. एक टन उसामागे साधारण २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे चिपाडच, निघतो. त्यावर बॉयलर चालतो, वीज होते. साखर काढून उरलेल्या दाट मळीपासून इथेनॉल हे अल्कोहोल, रस गाळून उरलेल्या प्रेसमडपासून, म्हणजे गाळापासून, खत.

खरी अडचण आहे ती स्पेंटवॉशची, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याची. एक लिटर अल्कोहोलमागे आठ-दहा लिटर तरी हे काळपट, उग्र वासाचं पाणी निघतं. ओढ्यात सोडलं की मासे मरतात, आजूबाजूच्या विहिरी नासतात. पण तेच आटवून बॉयलरमध्ये जाळलं तर राखेतून पिकांना लागणारं पोटॅश खत मिळतं, आणि पोटॅश आपण जवळपास सगळं बाहेरून आणतो! त्यामुळे कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर स्पेंटवॉशचं काय केलं, राख कुठे गेली, हेही सभासदांनी उभं राहून विचारलं पाहिजे.