भाडेकरूंना हाकलून गाव सुरक्षित होणार नाही

खाडीकाठची
सिंधुदुर्गातल्या आमच्या गावच्या बाजारपेठेत परवा कोयता निघाला. त्यावर गावाच्या ग्रुपवर एका दादांनी लिहिलं की परप्रांतीय भाडेकरू आणि बागांतले नेपाळी राखणदार आधी गावाबाहेर काढा, पूर्वी आपण कडी न लावता झोपायचो. खाली अंगठ्यांची रांग. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते.

परवा भांडले ते दोघे सख्खे चुलतभाऊ. एकाच गणपतीपुढे आरतीला उभे राहणारे. भांडण गडग्याचं, म्हणजे जमिनीच्या हद्दीवरच्या दगडी बांधाचं. त्यात भाडेकरू कुठून आला?

आणि ती कडी. माझी आजी कडी लावत नसे, खरं आहे. तिचं उजवं मनगट मोडून वाकडंच बसलं होतं. मरेपर्यंत पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलायची. कोणी विचारलं की म्हणायची, "न्हाणीत पडलंय." आजोबांनी मारलं होतं, हे अख्ख्या वाडीला ठाऊक. चौकीवर कोणी गेलं नाही. तुमच्या शांत गावात हे धरलेलंच नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे आहेत. त्यातले ९,९६२ वादांतून, ३,७६१ वैयक्तिक वैरातून. लाभासाठी केलेले १,८८४. म्हणजे जवळपास निम्मे खून वादांतून आणि वैरातून, आणि वैर अनोळखी माणसाशी सहसा होत नाही.

बंदरावरचा
ती पोस्ट माझी. देशाचे आकडे देशाला द्या. माझी भाची रात्री क्लासवरून येते, पाणंदीत दिवा नाही, आणि गेल्या महिन्यात एक अनोळखी माणूस घरापर्यंत मागे आला. महिनाभर मी स्वतः तिला आणायला जातोय. बागायतदार पन्नास माणसं आणतो आणि आधारची झेरॉक्ससुद्धा ठेवत नाही. हे बोललो तर मी वाईट?

निवृत्त हवालदार
नोंद ठेवायलाच हवी, त्यात वाद नको. पण नोंद ठेवणं वेगळं आणि हाकलणं वेगळं.

लहान गावात आकडे फसवतात. एका वर्षी एक खून आणि पुढच्या वर्षी तीन, की पेपरात 'तिप्पट वाढ'. शिवाय ठाण्यात येतं ते सगळं गुन्हा म्हणून चढत नाही. हातापायाने मारलं तर साधी दुखापत, नव्या न्याय संहितेत कलम ११५, अदखलपात्र. एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद हातात घेऊन माणूस घरी जातो आणि मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय आम्हाला तपास करता येत नाही. कोयता लागला की कलम ११८, मग वॉरंटशिवायही अटक होऊ शकते. मी असे कितीतरी बघितले, तीन-तीन एनसी झाल्यावर चौथ्या वेळी कोयता.

चाकरमानी, डोंबिवली
मूळ दुखणं सातबारा. आमच्या एका गटावर ४३ नावं आहेत, त्यातली निम्मी वारली, वारसनोंद नाही. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडून वाटप करायचं तर सगळ्यांची संमती लागते, आणि एक काका सही करत नाहीत. नाहीतर दिवाणी कोर्ट, म्हणजे नातवंडांची सोय. माझ्या वडिलांनी लावलेली काजूची अकरा झाडं दुसरेच राखतात. मोजणीचे पैसे भरले, भूकरमापक आला, समोरच्यांनी साखळी धरू दिली नाही, तो परत गेला. सांगा, डोकं कसं शांत ठेवायचं?

बंदरावरचा
मुंबईवाल्यांनी मे महिन्यात यायचं, आंबे खायचे, हिस्सा मागायचा आणि जायचं. गवत कोण कापतं, वणवा कोण विझवतो? सही न करणाऱ्या काकांचं काही चुकत नाही.

चाकरमानी, डोंबिवली
जीर्णोद्धाराची पावती फाडताना मुंबईवाला चालतो ना? वडील गिरणीत राबून दर महिन्याला मनिऑर्डर पाठवत होते, त्यावर त्या घराची कौलं चढली. तोंड सांभाळून बोला.

आगरातली
दोघेही थांबा. भांडणं मिटवण्याचंच सांगते. २००७ च्या १५ ऑगस्टला तंटामुक्त गाव मोहीम आली. कल्पना चांगली होती, पुष्कळ बांधांची भांडणं खरंच मिटली. पण तंटामुक्त गावाला मिळणाऱ्या बक्षिसासाठी आमच्याकडे माझ्या बहिणीलाही समितीपुढे बसवलं. नवऱ्याने पट्ट्याने मारलं होतं, पाठीवरचे वळ ताजे होते. "घरातली गोष्ट आहे, गावाचं नाव जाईल." तिने अंगठा दिला. कागदावर तंटा मिटला. ती दोन वर्षांनी माहेरी परत आली, ती एका कानाने बहिरी होऊन.

खाडीकाठची
ताई, हे वाचून हात थरथरतोय. हेच सांगायचं होतं मला.

आणखी एक. २००१ ला जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसं होती, २०११ ला ८,४९,६५१. सिंधुदुर्ग रिकामा होतोय. माझ्या वाडीत सात घरांना कुलूप आणि तीन घरांत एकेकटी म्हातारी. त्यांतल्या एकीला रात्री दम लागला तेव्हा शेजारच्या बागेतल्या राखणदाराने पाठीवर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. त्याला हाकललं तर रात्री तिची हाक ऐकणार कोण?

बंदरावरचा
ठीक आहे. 'हाकला' हा शब्द मागे घेतो, रागात लिहिला होता. आधारची नोंद आणि पाणंदीतला दिवा, हे दोन्ही मी सोडणार नाही. आणि डोंबिवलीकर, वडिलांबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं.

चाकरमानी, डोंबिवली
वडिलांचा विषय संपला. काकांच्या सहीचा नाही.

निवृत्त हवालदार
मोजणीची पुढची तारीख आली की आठ दिवस आधी ठाण्यात अर्ज द्या आणि बंदोबस्त मागा, फी लागते का ते तिथेच विचारा. पोलीस पाटलांनाही कळवा. समोरचे चार लोक गडग्यावर बसले म्हणून भूकरमापकाने परत जायची गरज नाही.

खाडीकाठची
दिव्याचा अर्ज मी लिहिते. सोमवारी ग्रामसभा आहे. भाचीला घेऊन या, पाणंद कुठे अंधारी आहे ते तिलाच सांगू दे.