अनुभव धागा: घरकुलाची इमारत रहिवाशांनी चालवायची म्हणजे नेमकं काय काय? (सांगली-मिरज)

कृष्णाकाठ

डिसेंबर 2005 मध्ये केंद्राने एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रम आणला. घर किमान 25 चौरस मीटरचं हवं, ते पत्नीच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर हवं, लाभार्थ्याने स्वतःचा हिस्सा भरायचा, हे त्यात स्पष्ट होतं. पुढे पंतप्रधान आवास योजना आली. सांगली, मिरज, कुपवाडच्या अशा इमारतींत राहायला गेलेल्यांना खरा प्रश्न चावी मिळाल्यावर कळतो: जिन्यातला दिवा कोण बदलणार, मोटर जळली तर पैसे कुठून, तुंबलेला चेंबर कोण उघडणार?

त्यासाठी हा धागा. "लोक सहकार्यच करत नाहीत" एवढं वाक्य सोडून बाकी सगळं लिहा. इमारतीचं, माणसाचं नाव नको. हिशोब जुळावेत म्हणून सगळ्यांनी एकच इमारत डोळ्यांसमोर धरू: तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर आठ, एकूण 32 घरं. लिफ्ट नाही. खाली साठवण टाकी, गच्चीवर टाकी, तीन एचपीची थ्री-फेज मोटर.

खजिनदारीण

मग हिशोबापासूनच सुरुवात. वरच्या इमारतीचा महिन्याचा खर्च असा धरा: सामाईक मीटरचं बिल 2000, जिना-आवार झाडलोट 3000, मोटर दुरुस्तीसाठी बाजूला 800, ड्रेनेजसाठी 700, टाकी धुण्यासाठी 300, ऑडिट-स्टेशनरी-बँक 500. झाले 7300. भागिले 32, म्हणजे घरटी 228. म्हणून 250 ठरवतात आणि कागदावर महिना 700 शिल्लक दिसते.

पण 32 पैकी 24 घरंच भरतात असं धरा. जमा 6000, तूट 1300. तूट आली की पहिला हात वीजबिलावर पडतो, कारण झाडणाऱ्या बाई समोर उभ्या असतात आणि महावितरण समोर नसतं. बिल थकलं की सव्वा टक्का विलंब आकार, मग कनेक्शन तुटतं, पाणी वर चढत नाही. आणि पाणी बंद झालं की नियमित भरणारी 24 घरंसुद्धा म्हणतात, "आम्ही कशाला भरायचं?" म्हणून माझं ठाम मत: गोळा झालेल्यातून पहिलं वीजबिल, मग झाडलोट, बाकी नंतर. हा क्रम ठरावात लिहून ठेवा, नाहीतर दर महिन्याला नव्याने वाद.

पावती पुस्तक छापील क्रमांकाचं आणि दुहेरी हवं. पैसे गोळा करायला दोघांनी जायचं, त्यातली एक बाई. क्यूआर कोड सोसायटीच्या खात्याचा लावायचा. सचिवाच्या स्वतःच्या फोनवर आलेले पैसे कितीही प्रामाणिकपणे वापरले तरी पुढे सिद्ध करता येत नाहीत. आणि गणपतीची वर्गणी व मेंटेनन्स एका पुस्तकात कधीही नको. मंडपाचा खर्च मोटरीच्या पैशातून निघाला की तो परत येत नाही.

जिना नंबर दोन

250 एकदम मागितले तर हमालीवर, हळदीच्या गोदामात, बांधकामावर जाणाऱ्या घरांना जड जातात. त्यांचा पगार आठवड्याचा. तिथं दर आठवड्याला 60 घ्यायचे. वर्षाच्या 52 आठवड्यांचे 3120 होतात, म्हणजे 3000 च्या वरच. बचत गटाची बैठक जिथं आठवड्याला होते तिथं हे सोपं जातं, बायका तशाही पैसे घेऊन बसलेल्या असतात. फक्त गटाची वही वेगळी आणि सोसायटीची वेगळी.

एक विचारायचं होतं. थकबाकीवाल्याचं पाणी तोडावं असं आमच्याकडं लई जण म्हणतात. चालतं का?

आवक-जावक

नाही. पाणी, वीज, ड्रेनेज या जीवनावश्यक गोष्टी. त्या तोडल्या की तक्रार उलटी कमिटीवर येते. नोटीस फलकावर मोठ्या अक्षरात 'चोर' वगैरे लिहिणंही टाळा. थकबाकीची यादी घर क्रमांक आणि रक्कम एवढीच असावी.

व्याजाचा धाक दाखवतात तो पोकळ आहे. आदर्श उपविधीप्रमाणे (सहकार खात्याने सोसायट्यांसाठी दिलेले नमुना नियम) जास्तीत जास्त वार्षिक 21 टक्के सरळव्याज. 250 रुपयांवर महिन्याला होतात साडेचार रुपयांहून कमी. कोण घाबरणार? उपयोगी पडतो तो लेखी हप्ता करार: चालू महिन्याचे 250 अधिक मागचे 100, दोघांच्या सह्या. तरीही न भरणाऱ्यासाठी सहकार कायद्याचं कलम 154ब-29 आहे. सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो. त्याला ठराव, खातेउतारा, दिलेल्या नोटिसा आणि त्या पोचल्याचा पुरावा लागतो. नोटीस हातात देऊन पोच न घेतल्याने प्रकरणं अडकतात.

हे सगळं सहकारी गृहनिर्माण संस्था, म्हणजे सोसायटी, नोंदलेली असेल तरच. नोंदणीला दर सभासदाकडून भाग भांडवल 500 आणि प्रवेश फी 100 धरलेली असते. नोंदणी नसेल तर 'कमिटी' म्हणजे कायद्याच्या दृष्टीने चार शेजारी. तिच्या नावावर ना खातं, ना वीज मीटर. सामाईक मीटर कोणा एकाच्या नावावर असेल आणि तो घर सोडून गेला, तर थकबाकी कोणाची यावर वर्ष निघतं.

सभेबद्दल दोन गोष्टी. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत, 14 पूर्ण दिवसांची नोटीस. गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, दोन-तृतीयांश किंवा 20, यातलं जे कमी ते. 32 घरांना 20 लागतात. दुपारी चारची सभा ठेवून गणसंख्या होत नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही. रात्री साडेआठ, जेवणं व्हायच्या आत किंवा नंतर, जिन्याच्या तोंडाशी सतरंजी. घर बाईच्या नावावर असेल तर सभासद ती आहे. सही नवऱ्याची घेतली तर ठराव पुढे कच्चा ठरतो. हे फार ठिकाणी होतं आणि कोणालाच त्यात वावगं वाटत नाही.

तीन एचपी

मोटरीवर लिहितो. 32 घरं, घरटी पाच माणसं, माणशी 135 लिटर: रोज 21,600 लिटर. तीन एचपीचा चांगला पंप एवढं पाणी सव्वा ते दीड तासात गच्चीवर टाकतो. दीड तासाला साधारण 4.2 युनिट, महिन्याला 126. जिन्यात 9 वॉटचे आठ एलईडी 12 तास चालले तर 26. दोन्ही मिळून 150 च्या आसपास. खजिनदारीणताईंचे 2000 इथून येतात.

आता वेळ तीन तासांवर गेली तर 126 युनिट वाढतात, आणि ती 100 च्या पुढच्या महाग टप्प्यात. म्हणून मोटर चालू-बंदची वही ठेवायची. तारीख, चालू, बंद, सही. एवढंच. वेळ हळूहळू वाढत गेली तर पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारी आतली चकती) झिजला किंवा फूट व्हॉल्व्ह (खालच्या टाकीतल्या पाइपच्या टोकाची झडप) गळतोय. एकदम वाढली तर पाणी कुठंतरी वाया जातंय. ते शोधायला रात्री 11 ला गच्चीच्या टाकीत पातळीची खूण करा, पहाटे 5 ला परत बघा. टाकी आतून अडीच बाय दोन मीटर असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे 50 लिटर. रात्रीत 20 सेंटिमीटर उतरली म्हणजे 1000 लिटर गेले. बहुतेक वेळा दोन-तीन घरांचे फ्लश टँक सतत वाहत असतात. त्यातला रबरी वॉशर बदलणं जळलेल्या मोटरीचं वाइंडिंग नव्याने भरण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

मोटर जळण्याची कारणं ठरलेली. एक, खालची टाकी रिकामी असताना कोरडी चालणं. दोन, विजेच्या तीन फेजपैकी एक गेलेला असताना चालू करणं. अशा वेळी मोटर चालू होऊ न देणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर स्टार्टरला नसतो किंवा कोणीतरी तो बायपास केलेला असतो. तीन, ओव्हरलोड रिले, म्हणजे मोटर जास्त करंट ओढायला लागली की ती आपोआप बंद (ट्रिप) करणारा भाग. तो मोटरीच्या पाटीवरच्या अँपिअरला लावायचा, तीन एचपीला सुमारे पाच. ट्रिप होतोय म्हणून कोणीतरी स्क्रू फिरवून आठवर नेतं, मोटर चालते, सगळे खूश, आणि काही दिवसांत वाइंडिंगचा वास येतो. ट्रिप होणं हा रिलेचा दोष नसतो. तो काहीतरी सांगत असतो, ते ऐका.

स्टार्टरची चावी दोघांकडेच. चार जणांकडे असली की टाकी भरून वाहते आणि नक्की कोणी चालू केली ते देवालाच ठाऊक.

थापी-ओळंबा

भांडणाचं मूळ बघायचं तर वरच्या न्हाणीतून खालच्या घरात गळणारं पाणी. उपविधी सरळ आहेत: संडास-न्हाणीतली आतली गळती त्या घराच्या सभासदाने दुरुस्त करायची, गच्ची आणि बाहेरची भिंत सोसायटीने. पण गळती नक्की कुठली ते आधी ठरवा. नळ बंद ठेवून न्हाणी ट्रॅपला (फरशीतल्या पाणी जायच्या जाळीखालचं भांडं) कापडी बोळा लावायचा, दोन इंच रंगीत पाणी 24 तास कोंडायचं. खाली रंग आला तर फरशी किंवा ट्रॅपची कड. रंग आला नाही आणि गळती सुरूच, तर भिंतीतला पाइप. पाणी फक्त वापरतानाच गळत असेल तर ट्रॅपखालचा जोड.

बहुतेक वेळा ट्रॅपच्या भोवती स्लॅबला पाडलेलं भोक नीट भरलेलं नसतं. वरून फरशीचे सांधे पांढऱ्या सिमेंटने भरून ते बंद होत नाही. ट्रॅप काढा, भोकाच्या कडा टोचून खडबडीत करा, न आकुंचणारा ग्राउट (भोक भरायचा पातळ सिमेंटी मसाला) भरा, मग पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, भिंतीवर एक फूट चढवून. परत 24 तास पाणी कोंडून बघितल्याशिवाय फरशी बसवू नका. खालच्या घरवाल्याने छताला खालून वॉटरप्रूफ रंग मारणं सगळ्यात वाईट. पाणी स्लॅबमध्येच अडकतं, सळई गंजते, प्लास्टरचे पोपडे पडतात.

गच्चीसाठी निधीचा हिशोब करून ठेवा. सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. घराचा खर्च तीन लाख धरला तर 750, 32 घरांचे 24,000. गच्ची 3200 चौरस फूट आणि दर फुटाला 40 धरला तर 1,28,000. म्हणजे पाच वर्षं साठवलं तरी थोडे कमीच. आज 250 जड वाटतात म्हणून हे घरटी महिना 62 रुपये सोडून दिले की सहाव्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरची आठ घरं एकटी पडतात.

चेंबर तुंबला तर माणूस आत उतरवायचा नाही. 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि आतल्या वायूने माणसं मरतात. महापालिकेची जेटिंग (जोराच्या पाण्याने तुंबा काढणारी) किंवा सक्शन (मैला ओढणारी) गाडी बोलवा.

आवक-जावक

थापी-ओळंबा यांना जोडून: इमारत नवी असेल तर ठेकेदाराचा दोष-दायित्व कालावधी (बांधकामातले दोष त्यानेच दुरुस्त करायची मुदत) किती आणि कधी संपतो ते माहिती अधिकारात विचारून घ्या. फी 10 रुपये, उत्तराला 30 दिवस. सोबत ड्रेनेजचा नकाशाही मागा, तो नंतर सोन्याच्या भावाचा ठरतो. तक्रार तोंडी नको. अर्ज दोन प्रतीत, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का.

भाड्यानं राहणारा

आम्ही भाडेकरू. मेंटेनन्स आमच्याकडून घेतात, सभेत मात्र बसू देत नाहीत. आमचं काय?

आवक-जावक

मत सभासदालाच. पण मजल्यावारी बैठक घेतली तर तिथं बसायला काहीच आडकाठी नाही. पाणी कधी येतं, जिना कोण घाण करतं हे भाडेकरूलाच जास्त ठाऊक असतं. मेंटेनन्स द्यायची जबाबदारी सभासदाची, तुम्ही दिलात तर पावतीवर घर क्रमांकासोबत 'भाडेकरूमार्फत' लिहून घ्या. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी सभासदाकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच. 250 सेवाशुल्क असेल तर 25 रुपये. काही ठिकाणी पाचशे मागतात, ते चूक. आणि वाटपपत्रातच भाड्याने द्यायला मनाई असेल, तर सोसायटीच्या ना-हरकतीने ते नियमित होत नाही. कमिटीने अशी पत्रं वाटू नयेत.

आयर्विन

पुराचं कोणी लिहिलं नाही म्हणून. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. ऑगस्ट 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. नदीकाठच्या इमारतीने आपल्या तळमजल्याच्या पायरीला किती फुटांना पाणी लागतं ते एकदा लिहून भिंतीवर रंगवून ठेवावं. बातमीतला आकडा आणि आपली पायरी यांचा मेळ त्याशिवाय लागत नाही.

मोटर काढायला सोपी हवी. पाइपला सॉकेटऐवजी युनियन (पाइप न कापता खोलता येणारा) जोड आणि चार फाउंडेशन बोल्टला ग्रीस असेल तर दोन माणसं ती पटकन सोडवून पहिल्या मजल्यावर नेतात. मेन स्विच आधी बंद. तळमजल्यावरचा मीटर बोर्ड वर घ्यायचा तर महावितरणकडे अर्ज करा, परस्पर वायरमनकडून नको. तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं येतं. भांड्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वाळूची पिशवी दाबून बसवायची.

पाणी उतरल्यावर भिजलेली मोटर लगेच चालू करू नका. सुकवून मेगरने (वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासा, एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर अजून ओल आहे. साठवण टाकी गाळ काढून दोनदा धुवायची, मग भरून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. 10,000 लिटरला 25 टक्के क्लोरिनची दोन किलो पावडर, बादलीत कालवून वरची निवळी ओतायची, चोथा नाही. रात्रभर ठेवून ते पाणी पूर्ण सोडून द्यायचं, प्यायचं नाही. नंतरच्या रोजच्या पाण्याला 1000 लिटरला 4 ते 5 ग्रॅम पुरतात. पावडर जुनी, डबा उघडा राहिलेला असेल तर क्लोरिन उडालेला असतो; ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरिन आहे का ते रंगावरून दाखवणारी चाचणी) पिवळा रंग आला नाही तर पावडर बदला.

भाड्यानं राहणारे, हे तुमच्यासाठी: पंचनाम्याला येतात तेव्हा वीजबिल मालकाच्या नावावर असतं आणि भाडेकरू यादीतून गळतो. कमिटीने दर जूनमध्ये तळमजल्याच्या आठ घरांची प्रत्यक्ष राहणाऱ्यांची यादी करून ठेवावी. माणसं किती, आजारी कोण, भाडेकरार आहे का. त्याची एक प्रत वरच्या मजल्यावर कोणाकडे तरी.

जिना नंबर दोन

यादीत फोन नंबर दोन घ्या, दुसरा गावाकडच्या नातेवाइकाचा. पूर आला की पहिला बंदच लागतो.