सोसायटी ग्रुप, पर्वरी: मालिकेचा सिनेमा का लांबतो?

अनघा (बी-२०४): शनिवारी टेरेसवर ‘चला मुसद्दी ऑफिस ऑफिस’ लावायचा विचार आहे. ‘ऑफिस ऑफिस’ ही मालिका एवढी गाजली, मग तिच्यावरचा हा सिनेमा तसा का नाही रंगत? काका, तुम्ही सांगा.

दामूकाका (ए-१०१): मालिका २००१ ची, सिनेमा २०११ चा. दिग्दर्शक राजीव मेहरा आणि मुसद्दी पंकज कपूर, दोघेही तेच. अडचण मापाची आहे. वीस-बावीस मिनिटांच्या भागात मुसद्दी एका कचेरीत जातो, पाच जण मिळून त्याला नाडतात आणि पुढच्या भागात पाटी कोरी. मालिकेचा जीव त्या कोऱ्या पाटीत आहे. सिनेमात एकापुढे एक कचेऱ्या जोडल्या की तिसरीपासूनच लोकांना पुढचं कळायला लागतं.

जिवंत माणूस पेन्शनच्या कागदावर मयत, ही सिनेमातली कल्पना मात्र फार मोठी. असं काही सापडलं तर पहिल्या वीस मिनिटांत आणावं आणि बाकी सगळं त्याच्याच मागे लावावं.

रोहन (सी-३०२): किंवा सगळ्यांना सहलीला पाठवायचं! गोवा आहेच.

शैलाताई (बी-३०१): नको रे, हा जुना सापळा. ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’ ही ब्रिटिश मालिका दुकानात घडायची. १९७७ च्या सिनेमात अख्खा स्टाफ स्पेनच्या हॉटेलात नेला. काउंटर, गिऱ्हाईक, हुद्द्यांची चढाओढ, हसू तिथून यायचं. तेच मागे राहिलं. ‘द इनबिटवीनर्स’ या दुसऱ्या ब्रिटिश मालिकेतली शाळकरी पोरंसुद्धा २०११ च्या सिनेमात ग्रीसच्या क्रीट बेटावर गेली, पण तो सिनेमा जोरात चालला. कारण त्यांची शाळा संपली होती, परत वर्गात बसणं नव्हतं. काहीतरी कायमचं संपलं पाहिजे, तरच सिनेमा.

रोहन (सी-३०२): आणि हशाचं काय? मालिकेत मागून वाजतो तो?

शैलाताई (बी-३०१): सगळ्यात जास्त फसतं ते तिथेच. कला अकादमीत नाटक बघताना नट हशा ओसरेपर्यंत थांबतो. पडद्यावरचा नट थांबू शकत नाही. मालिकेतल्यासारख्या जागा सोडल्या तर थिएटरात सन्नाटा. अजिबात नाही सोडल्या तर पुढचं वाक्य हशात बुडतं. म्हणून मोठ्या विनोदानंतर कामाचा संवाद ठेवायचा नाही. चेहरा, हालचाल, एखादी वस्तू पडणं, असं दोन-तीन सेकंदांचं मुकं काहीतरी घालायचं.

दामूकाका (ए-१०१): ठरलेली वाक्यंही जपून. मालिकेत ती दर भागात चालतात, सिनेमात तीनदा पुरे. तिसऱ्यांदा भलत्याच माणसाच्या तोंडी द्यावं. आणि दोन मिनिटांसाठी येणाऱ्या शेजाऱ्याला वीस मिनिटं देऊ नयेत, तो थोडा वेळच गोड लागतो.

पटकथा लिहिताना साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. ११० पानांच्या वर गेलं तर आधी उपकथानक कापावं, विनोद नंतर. मालिका न पाहिलेल्यांसाठी ओळखीची पहिली दहा पानं मात्र कापू नयेत.

अनघा (बी-२०४): मग शनिवारी आधी मालिकेचा एक भाग लावते, लगेच सिनेमा. प्रोजेक्टर सातला सुरू.