सोलापुरात आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धा: आधी पाणी की आधी गाणी?

विजापूर वेस
आमच्या कट्ट्यावर यावरून चांगलीच जुंपली, म्हणून इथं मांडतोय. सोलापूरनं एक आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धा भरवावी असं माझं ठाम मत आहे. गायन, वादन, समूहगान, भाषा कुठलीही. अंध, अपंग, बाई, पुरुष, तृतीयपंथी सगळे एकाच मंचावर, एकाच बक्षिसासाठी.

"इतक्या आडबाजूला कोण येणार?" हा प्रश्न ठरलेला. वेल्समधल्या लँगॉलेन या गावाची वस्ती जेमतेम चार हजार. महायुद्ध संपल्यावर १९४७ साली तिथल्या लोकांनी देशोदेशीची गायनमंडळं बोलावून स्पर्धा सुरू केली. १९४९ ला जर्मनीचं मंडळ आलं. युद्धात माणसं गमावलेल्या त्या गावानं त्यांचं मनापासून स्वागत केलं. १९५५ ला इटलीतल्या मोडेनाच्या मंडळानं पहिला नंबर पटकावला. त्यात वडिलांच्या शेजारी उभा राहून, पुढे जगप्रसिद्ध ऑपेरा गायक झालेला लुचानो पाव्हारोत्ती गात होता. हे चार हजारांच्या गावात होतं. आपण २०११ च्या जनगणनेतच साडेनऊ लाख होतो!

आणि सामावून घेणं आपल्याला नवं आहे का? १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा एकाच दिवशी फासावर गेले. त्यांच्या नावाचं हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह आपल्याकडे आहे. मंच तोच असावा.

साखर पेठ
भावना पटली, हिशोब पटला नाही. जिल्ह्यात उजनी धरण असून वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाणी भरणारं शहर आहे हे. महापालिकेचा रुपयाही यात जाता कामा नये. युरोव्हिजनचं, म्हणजे युरोपातल्या देशांच्या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचं, नाव कुणीतरी काढेलच, म्हणून आधीच सांगतो. २०२५ ची स्पर्धा बाझेलला झाली, पण त्याआधी खर्चावर तिथं सार्वमत घ्यावं लागलं. रक्कम साडेतीन कोटी फ्रँकच्या आसपास. स्वित्झर्लंडसारख्या श्रीमंत देशात लोक पैशावरून हटकतात, आणि आपण विचारायचंच नाही?

विजापूर वेस
निकालही सांगा की. ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला. लोकांना विचारलं तर लोक देतात. शिवाय मी युरोव्हिजन मागतच नाहीये, लँगॉलेन मागतोय. पाहुणे घरोघरी उतरवायचे. अमेरिकेत फोर्ट वर्थला व्हॅन क्लायबर्न पियानो स्पर्धा होते, तिथंही स्पर्धक गावातल्या कुटुंबांकडे राहतात.

साखर पेठ
परदेशी पाहुणा घरी उतरवला की चोवीस तासांत त्याची सरकारदरबारी ऑनलाइन नोंद करावी लागते. हे किती घरांना माहीत आहे? उघड्यावर स्पीकर रात्री दहानंतर चालत नाही. मे महिन्यात आपल्या उन्हात समूहगान कोण करणार? राहता राहिला हिवाळा, पण जानेवारीत होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा असते. ही कामं कोण करणार ते ठरल्याशिवाय घोषणा नकोत, एवढंच म्हणतोय.

पांढरी काठी
मी जन्मांध आहे, हार्मोनियम शिकवतो. सामावून घेणारी स्पर्धा म्हणजे नेमकं काय, हे कुणीच विचारलं नाही म्हणून लिहितोय.

कितीतरी स्पर्धांचे अर्ज फोटो काढून पाठवलेले असतात. माझा मोबाइल ते वाचू शकत नाही. म्हणजे मी दारातच बाद. बऱ्याच सभागृहांना उतार असतो, पण तो प्रेक्षकांच्या दाराला. मंचावर चढायला पायऱ्याच. व्हीलचेअरवरच्या माणसानं गाणं ऐकावं एवढं गृहीत धरलंय, तो गाईल हे कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला चौघांनी खुर्चीसकट उचलून वर ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती त्या दिवशी नीट गाऊ शकली नाही.

आणि कृपा करून "दिव्यांग गट" नावाचं वेगळं बक्षीस ठेवू नका. २००९ ला त्याच क्लायबर्न स्पर्धेत नोबुयुकी त्सुजी या जन्मांध जपानी वादकानं सुवर्णपदक मिळवलं, चीनच्या हाओचेन झांगसोबत विभागून. ते सगळ्यांसोबतच्या स्पर्धेतलं पदक होतं, म्हणून मोठं.

मोडनिंब रोड
सर, अर्जाचं आणि पायऱ्यांचं शंभर टक्के पटलं. पण "एकच मंच, एकच बक्षीस" याला माझा विरोध हाय. हलगी आणि व्हायोलिन एका तराजूत कसं तोलणार ओ? परीक्षक शास्त्रीयवाले असले की हलगीला "छान ऊर्जा" म्हणून उत्तेजनार्थ देतात आणि मोकळे होतात. आपल्याच जिल्ह्यात अकलूजला लावणी स्पर्धा नावारूपाला आली, कारण तिथं लावणी हीच मोजायची गोष्ट होती. फडातल्या बायकांना शास्त्रीय गायिकेच्या शेजारी उभं करून गुण दिले नाहीत. प्रकार वेगळे ठेवा, पण बक्षिसाची रक्कम सगळ्यांना सारखी. पहिल्या फेरीला पडदा लावा, वाजवणारा कोण ते परीक्षकाला दिसायलाच नको. आणि स्वतःचा शिष्य असेल तर त्या परीक्षकानं गुण द्यायचे नाहीत, हे नियमात लिहून टाका.

पांढरी काठी
प्रकार वेगळे असायला हरकत नाही. माणसं वेगळी काढू नका. पडद्याची कल्पना मला फार आवडली.

पूर्वभाग
मूळ लेखाशी माझं भांडण वेगळंच आहे. चार हुतात्म्यांची नावं घेऊन आपण सगळ्यांना सामावतो असं म्हणणं सोपं आहे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलतात हे प्रत्येक भाषणात येतं. मंचावर त्यातलं किती येतं? आमच्याकडे बायका विड्या वळता वळता तेलुगू गाणी म्हणतात. माझी आई म्हणायची. गावातल्या मोठ्या कार्यक्रमात ती गाणी मी आजवर ऐकलेली नाहीत. वेल्सचं मंडळ येईल, त्याला फेटा बांधाल, आणि आम्ही तिकीट काढून मागच्या रांगेत बसू. असलं आंतरराष्ट्रीय मला नको.

विजापूर वेस
मग पहिली अट हीच घालू: यजमान शहराच्या चारही भाषांतला प्रत्येकी एक संघ आधी उभा राहिला पाहिजे, तो तयार नसेल तर परदेशी निमंत्रणं पाठवायची नाहीत. साखर पेठ, नोंदणीची आणि परवानग्यांची यादी तुम्ही कराल का? तुमच्याइतकं बारकाईनं कुणी बघणार नाही.

साखर पेठ
यादी करतो. महापालिकेच्या पैशाला विरोध कायम. गड्ड्यानंतर फेब्रुवारीचा दुसरा आठवडा बघा, आणि पहिल्या वर्षी दोनच परदेशी मंडळं.

पूर्वभाग
अर्ज तेलुगूतही काढणार असाल तर भाषांतर मी करते. पण विडी कारखान्यातल्या बायकांची तालीम रविवारीच ठेवावी लागेल. इतर दिवशी हजार विड्यांची मजुरी बुडते, ती कोण भरून देणार ते आधी सांगा.