मदत हवी आहे: ३३३६६७ ही मूळ संख्या आहे हे मुलांना हाताने कसं दाखवू?

नमस्कार मंडळी,

परळला आमच्या वस्तीत नववी-दहावीच्या मुलांचा रविवारी गणिताचा वर्ग घेते. सध्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांच्या डेम्लो संख्या (११, १११ अशा नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग) चालू आहेत. देवळालीला शाळेत शिकवता शिकवता या माणसाने केवढं काम केलं! जुन्या जीआयपी रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आताच्या डोंबिवली स्टेशनावरून हे नाव आलं हे कळल्यावर तिकडे आजोळ असलेली पोरं भलतीच खूश झाली.

आम्ही घेतली ती नऊ एकांची: १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. उलटी वाचली तरी तीच. अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे ती हर्षद संख्याही आहे (हेही कापरेकरांचंच). दहा एक घेतले की मात्र उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. असं का, ते फळ्यावर गुणाकार मांडल्यावर मुलांनीच शोधलं: मधल्या रकान्यात दहा एक जमतात आणि हातचा द्यावा लागतो.

मग अवयव पाडले. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. मोबाइल म्हणतो ३३३६६७ मूळ आहे. एका मुलीने विचारलं, "कशावरून?" रास्त प्रश्न आहे आणि मला त्याचं नीट उत्तर द्यायचंय. वर्गमूळ ५७७ च्या जरा वर, म्हणजे ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्यात मुलांच्या हाती काय लागणार? जवळची वाट असेल तर कारणासकट सांगा.

प्रतिसाद

ताई, वाट आहे. ३३३६६७ × ३ = १००१००१, आणि त्याला ९९९ ने गुणलं की नऊ वेळा ९ येतो, ९९९९९९९९९. म्हणजे ३३३६६७ चा कुठलाही मूळ अवयव 'प' घ्या, १० च्या नवव्या घाताला त्याने भागल्यावर बाकी १ च उरणार. फर्माच्या छोट्या प्रमेयाने (मूळ संख्या 'प' १० ला भागत नसेल तर) १० च्या (प − १) व्या घातालाही 'प' ने भागल्यावर बाकी १. बाकी १ देणारा सगळ्यात लहान घातांक या दोन्ही घातांकांना भागतो, म्हणून तो १, ३ किंवा ९ च असू शकतो. १ किंवा ३ असेल तर 'प' ९९९ ला भागेल, म्हणजे तो ३ किंवा ३७. अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद. ३७ ने बाकी १ उरते, तोही बाद. राहिला ९. म्हणजे (प − १) ला ९ ने भाग जातो, आणि ती सम असल्याने १८ नेही.

आता १९, ७३, १०९, १२७ असं करत १८ ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या, ५७७ पर्यंतच्या (३७ सोडून) फक्त सोळा मूळ संख्या तपासायच्या. १९ ने बाकी ८, ५७७ ने १६१. मधल्या चौदा संख्या मुलांना वाटून द्या. फर्माचं प्रमेय त्यांना नवं असेल, तर आधी ७ ने १०, १००, १००० ला भागत बाक्या लिहायला लावा: ३, २, ६, ४, ५, १. सहाव्या पायरीला १ आला की पुढचं सांगणं सोपं जातं.