‘घाटी’ हा पत्ता आहे की शिवी?

जावळीकर
काल एकानं इथं लिहिलं, “घाटी म्हणजे घाटावरचा माणूस. साधा भूगोल आहे, चिडायचं काय त्यात?” रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय.

माझे वडील मशीद बंदरला माथाडी. १९६९ ला कायदा झाला, पुढं बोर्डात त्यांचं नाव लागलं, पण पेढीवर ते नाव कुणी घेतलं नाही. मी सातवीत असताना डबा घेऊन गेलो, तर गादीवरचा माणूस ओरडला, “ए घाटी, तेरा लडका आया.” वीस वर्षं त्याच्याच गोण्या वाहिल्या होत्या वडिलांनी. ते मान खाली घालून आले, डबा घेतला, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शब्द लागतो की नाही हे ज्याला लागतो तोच सांगणार. कोश उघडून तुम्ही नाही.

लालमाती
वडिलांबद्दल आदर आहे. पण लालबागच्या आमच्या चाळीत आम्ही रत्नागिरीचे, समोरच्या खोलीतले घाटावरचे. ते आम्हाला ‘कोकण्या’ म्हणायचे, आम्ही त्यांना ‘घाटी’. गणपतीत एकाच मांडवात राबायचो. माझी आई आजही वाण्याकडं ‘घाटी मसाला’ मागते. संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्याला लोक ‘घाटी’च म्हणतात. सगळ्या शिव्याच का या?

जावळीकर
मसाल्याला आणि दवाखान्याला मान खाली घालावी लागत नाही. आणि तुम्हाला ‘कोकण्या’ असं उलट ऐकवणारं कुणीतरी होतं. माझ्या वडिलांनी गादीवाल्याला काय ऐकवायचं होतं?

मांडवीकाठ
गोव्यात हा शब्द सर्रास चालतो, बेळगाव-विजापूरहून आलेल्या कामगारालाही. वाईटच आहे ते. पण त्यामागची भीती समजून घ्या. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात निकाल उलटा लागला असता, तर आज आम्ही महाराष्ट्रातला एखादा जिल्हा असतो. आणि ज्याचं त्यानं ठरवायचं म्हणता, तर आमच्या कोंकणीला ‘मराठीची बोली’ म्हणताना आम्हाला कधी विचारलंत?

सदाशिवकर
विषय वेगळा आहे, पण कोंकणी बोलीच आहे. माझी आजी मालवणी बोलायची, मला एक शब्द अडला नाही.

मांडवीकाठ
तुम्हाला कळली म्हणून ती तुमची झाली? साहित्य अकादमीची मान्यता १९७५, राजभाषा कायदा १९८७, राज्यघटनेची आठवी अनुसूची १९९२. अजून किती शिक्के आणू?

सदाशिवकर
त्याच १९८७ च्या कायद्यात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. गोव्यात मराठी शाळा, मराठी वर्तमानपत्रं, मराठी नाटकं आहेत. ती कोण चालवतं? गोंयकारच ना?

साष्टीकार
दोघंही थांबा. त्या कायद्यानं कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी असं ठरवलं. माझी आई आयुष्यभर रोमी म्हणजे रोमन लिपीत पत्रं लिहीत आली. तिला कुणी विचारलं? भाषा आमची, वगळले गेलो आम्हीच. यावर बोलायला मी महिनाभर तयार आहे.

कल्याणचा
लिपीवरून भांडताय, मी मूळ मुद्द्यावर येतो. आजोबा जौनपूरहून आले. मी कल्याणात जन्मलो, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो. दुकानात ‘ए भैया’ ऐकल्याशिवाय दिवस जात नाही. भैया म्हणजे भाऊ, माहितीय मला. पण ‘भैया लोक वाढलेत’ असं माझ्यासमोर मराठीत बोलतात, मला कळत नाही असं समजून. जावळीकर, तुम्ही म्हणता का हा शब्द?

जावळीकर
म्हणतो. घरातही म्हणतो. पण गोण्या वाहणाऱ्याला हिणवणं आणि इस्त्रीवाल्याला हाक मारणं एकच आहे, हे मी मानत नाही.

कल्याणचा
ते तुम्ही ठरवणार?

जावळीकर
नाही. बरोबर आहे तुमचं. माझंच वाक्य आहे ते, आता मागं घेता येणार नाही.

लालमाती
दुपारी समोरच्या खोलीतल्या काकांना फोन केला. आता कराडला असतात, ऐंशी उलटली. विचारलं, “काका, घाटी म्हणायचो त्याचं वाईट वाटायचं का?” म्हणाले, “वाटायचं की. पण रात्रपाळी सुटली की तुझी आई माझ्या पोरांना जेवायला घालायची. बोलणार कुठल्या तोंडानं?” मसाल्याबद्दल माझं मत तेच आहे. बाकीचं मागं घेतो.